सामावून घेणे आणि ऐकून घेणे

परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या काठी गंगाखेड आहे. संत जनाबाईंचे गाव. याच जिल्ह्यात जिंतूरजवळ नेमगिरीच्या डोंगरात जैन लेणी आहेत आणि डोंगराच्या नावातच बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ आहेत. परभणी शहरात हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दरवर्षी फेब्रुवारीत भरतो आणि त्याला सर्व धर्मांचे लोक जातात. १९५६ नंतर उभे राहिलेले बुद्धविहारही येथे आहेत. एवढ्याशा परिसरात एवढे धर्मप्रवाह दिसले, की आपण सवयीने ‘सर्वधर्मसमभाव’ हा शब्द उच्चारतो आणि विचार तेथेच थांबवतो. वस्तुतः येथे दोन प्रश्न आहेत. दुसऱ्या धर्माच्या माणसांसोबत नांदायचे कसे, हा पहिला. त्या धर्माला आपल्या विचारव्यूहात कोणती जागा द्यायची, हा दुसरा. उरुसातल्या गर्दीला पहिल्याचे उत्तर ठाऊक असते. ग्रंथात, काव्यात आणि साहित्याच्या वर्गात मात्र दुसरा प्रश्न टाळता येत नाही.

जनाबाईंपासूनच सुरुवात करू. त्यांच्या नावावरील एका अभंगात असा भाव आहे, की पूर्वी कृष्णरूपाने कंसाला मारणारा देवच आता बुद्ध झाला आहे. आणि या देवाला त्या आपला सखा मानतात. हा उल्लेख एकाकी नाही. एकनाथ आणि तुकाराम यांच्या अभंगांतही बुद्धावतार येतो. महाराष्ट्रातील दशावतारांच्या जुन्या चित्रांत नवव्या जागी पुष्कळदा विठ्ठल दिसतो. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात या परंपरेचा सविस्तर परामर्श घेतला आहे.

पण बुद्ध विष्णूच्या अवतारांत आला तो कोणत्या वाटेने? विष्णुपुराणातील मायामोहाची कथा येथे आठवते. असुरांना वेदमार्गापासून ढळवण्यासाठी विष्णू मायामोह निर्माण करतो. तो आधी दिगंबर, मोरपिसे धारण केलेल्या यतीच्या रूपात आणि मग तांबड्या वस्त्रांत उपदेश करतो. जैन आणि बौद्ध या दोघांच्याही उपदेशाला ही कथा ‘भ्रम’ ठरवते. भागवतातही बुद्धाचा अवतार देवद्वेष्ट्यांना मोहात पाडण्यासाठीच आहे. बाराव्या शतकात जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’त मात्र बुद्ध यज्ञातील पशुहत्येची निंदा करणारा कारुण्यमूर्ती झाला. जागा तीच, नववी. पण तिचा अर्थ बदलला. ‘आम्ही बुद्धाला अवतार मानले’ हे वाक्य आपण औदार्याचा पुरावा म्हणून उद्धृत करतो, तेव्हा त्यातला कोणता अर्थ आपल्या मनात असतो, हे तपासायला हवे.

दुसऱ्याचे दैवत स्वीकारायचे, पण आपल्या मांडणीत खालच्या पायरीवर, या वृत्तीला जर्मन भारतविद्यावंत पॉल हाकर यांनी समावेशवाद म्हटले आणि तिला खास भारतीय विचाराचे लक्षण ठरवले. ती एकट्या वैदिक परंपरेची मक्तेदारी मात्र नव्हती. जिनसेनाने शके ७०५ मध्ये, म्हणजे इसवी सन ७८३ मध्ये, ‘हरिवंशपुराण’ पूर्ण केले. त्यात कृष्ण हा नेमिनाथांचा चुलतभाऊ आहे. तो पराक्रमी वासुदेव आहे, पण हिंसेच्या कर्मामुळे नरकात जातो आणि पुढे कधीतरी तीर्थंकर होणार असतो. गंगाखेडची भक्त स्त्री कृष्णाच्या अवतारमालेत बुद्धाला पाहते, तर नेमगिरीची परंपरा त्याच कृष्णाला तीर्थंकराच्या मागे उभे करते. बौद्धांच्या दशरथजातकात राम हा बोधिसत्त्व आहे. तेविज्जसुत्तात ब्रह्माच्या सायुज्याची वाट विचारणाऱ्या ब्राह्मण तरुणांना बुद्ध मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा यांचा मार्ग सांगतात. म्हणजे शब्द समोरच्याचा आणि आशय आपला. गोदाकाठी वाढलेल्या महानुभाव पंथाने आणखी वेगळी भूमिका घेतली: श्रीकृष्ण हा परमेश्वराचा अवतार, विष्णूचा नव्हे, आणि इतर देवतांकडून मोक्ष मिळत नाही. ही भूमिका कठोर वाटेल, पण तिच्यात भेद झाकलेला नाही.

विसाव्या शतकात या साऱ्या व्यवहाराला सामावून घेतलेल्यांच्या बाजूने उत्तर मिळाले. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बुद्धमूर्तीच्या स्थापनेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पंढरपूरची मूर्ती मुळात बुद्धाची असल्याचे मत मांडले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे स्पष्टपणे नाकारते. वरवर पाहता विठ्ठल आणि बुद्ध एकच, असे संतही म्हणतात आणि बाबासाहेबही. पण एका विधानात बुद्ध विठ्ठलात मिसळतो. दुसऱ्यात विठ्ठलाखाली दडलेला बुद्ध परत मागितला जातो. मूर्तीच्या इतिहासाचा निर्णय काहीही लागो, परत मागण्याचा हा हक्क समजून घेतल्याशिवाय पाचवी प्रतिज्ञा कळणार नाही. ज्यांना सामावून घेतले, त्यांना त्या वर्णनात आपला चेहरा ओळखता आला नाही, हे तिचे म्हणणे आहे.

मग जनाबाईंच्या बुद्धाला मायामोहाच्या रांगेत बसवायचे का? तसे केले तर अन्याय होईल. स्वतःला नामयाची दासी म्हणवणाऱ्या या स्त्रीचा देव तिच्यासोबत दळण दळतो. तिच्या ‘सखा’ या शब्दात पायरी नाही. बुद्धाला भ्रम पसरवणारा ठरवण्याचा हेतूही नाही. तरीही सख्याचे नाव ठरवते ती जनाबाईच. अभंगात बुद्ध मौन आहे.

हे मौन मोडायचे तर संवादाचा दुसरा नमुना लागतो. सम्राट अशोक आपल्या बाराव्या शिलालेखात सांगतो, की स्वपंथाच्या प्रेमापोटी परपंथाची निंदा करणारा स्वपंथाचीच हानी करतो. म्हणून वाणीचा संयम पाळावा आणि एकमेकांचा धर्म ऐकावा. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला अट घालतो: चर्चा पंडितांसारखी होणार असेल तर बोलू, राजांसारखी असेल तर नाही. पंडितांच्या चर्चेत खंडन होते, पण कोणी रागावत नाही. राजाच्या चर्चेत असहमत होणाऱ्याला दंड होतो. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू केलेल्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी पुढे याच प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव दिले.

मराठवाड्यातल्या कोणत्याही मराठीच्या वर्गात वारकऱ्याची मुलगी, बौद्ध घरातला मुलगा आणि जैन वा मुसलमान विद्यार्थी शेजारी बसलेले असतात. जनाबाईंचा तो अभंग तेथे शिकवताना ‘पाहा, किती हा समन्वय!’ असे म्हणून शिक्षकाला पुढच्या पानावर जाता येते. त्याऐवजी अभंगाशेजारी जिनसेनाचा कृष्ण आणि पाचवी प्रतिज्ञा ठेवून पाहावी. तास कदाचित वादात संपेल. अभंगातल्या मौन बुद्धाच्या वतीने वर्गातले कोणीतरी बोललेले असेल आणि ‘सखा’ या शब्दाचे मोलही वर्गाला अधिक नेमके कळेल.