इराण्याकडचा चहा इराणी नसतो

मुंबई-पुण्यात वाढलेल्या माणसाला 'इराणी' म्हटलं की देश आठवत नाही, बनमस्का आठवतो. मग कोपऱ्यावरचं हॉटेल, संगमरवरी टेबलं, गोल पाठीच्या लाकडी खुर्च्या, भिंतीवरचे आरसे आणि गल्ल्यावर बसलेला मालक. गेले दोन-तीन वीकेंड या विषयावर हाती लागेल ते वाचत होतो आणि एक साधा प्रश्न डोक्यातून जाईना. या हॉटेलांत इराणचं असं नेमकं आहे तरी काय?

एकेक पदार्थ तपासून बघू (डीबगिंगची सवय, दुसरं काय!). पाव पोर्तुगीजांचा. ऑम्लेट आणि कस्टर्ड साहेबाचं. खिमा हा शब्द तुर्की, पण त्यातला मसाला इथला. मस्का हा शब्द मात्र अस्सल फारसी. आपण तो पावालाही लावतो आणि मॅनेजरलाही, ते सोडा. राहता राहिला चहा, आणि तिथेच खरी गंमत आहे.

इराणमधला चहा कोरा असतो. काचेच्या छोट्या पेल्यात, साखरेचा खडा दातांत धरून प्यायचा. त्यात दूध नाही आणि उकळून उकळून लाल केलेलं पाणीही नाही. शिवाय इराणात चहा पिकायला लागला तोच मुळी हिंदुस्थानामुळे. काशेफ-उस्-सल्तनेह नावाचा इराणी राजघराण्यातला एक गृहस्थ इथे वकील म्हणून होता. त्याने 1900 च्या आसपास इथून चहाची रोपं नेऊन कॅस्पियन समुद्राजवळच्या लाहिजानला लावली. आजही तिथे त्याच्या कबरीपाशी चहाचं म्युझियम आहे. म्हणजे ज्या काळात इराणी माणसं मुंबईत येऊन आपल्याला चहा पाजत होती, त्याच काळात चहाची रोपं हिंदुस्थानातून उलट्या दिशेने चालली होती!

मग ही माणसं इथे आली का? बहुतेक जण यझद आणि केरमान या वाळवंटी भागातले, आणि त्यांतले पुष्कळ झरथुष्ट्री. पारशी हजारेक वर्षांपूर्वी आले, हे लोक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला. मागे राहिलेल्या या धर्मबंधूंचे हाल बघायला आणि त्यांना मदत करायला मुंबईच्या पारशांनी 1854 साली माणेकजी लिमजी हातारिया यांना इराणला पाठवलं होतं. तिथे झरथुष्ट्रींवर जिझिया कर होता. हातारियांच्या प्रयत्नांनी तो 1882 मध्ये रद्द झाला. मधे 1871-72 चा भयंकर दुष्काळ येऊन गेला.

पण कर आणि दुष्काळाच्याही पलीकडची एक गोष्ट वाचली आणि थांबलो. झरथुष्ट्री माणूस तिथे 'नजीस', म्हणजे अपवित्र मानला जाई. बाजारात फळांना, खाण्याच्या वस्तूंना त्याने हात लावायचा नाही. त्याच्या हातचं कोणी खायचं नाही.

आता हा माणूस मुंबईला येतो. इथे काय चाललं होतं? 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींनी चहा घेतला, त्यांत टिळक आणि रानडेही होते. नावं छापून आली, गावात ग्रामण्य माजलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. एका कप चहासाठी! मुंबईत खाणावळी होत्या, पण त्याही बऱ्याचशा जातीच्या नाहीतर गावच्या.

अशा शहरात, ज्याच्या हाताचा त्याच्याच देशात विटाळ होत होता, त्या माणसाने दुकान उघडलं आणि सगळ्यांना खायला घातलं. धोबी तलावचं 'कयानी' 1904 चं, पुण्याचं 'गुडलक' 1935 चं. सगळेच इराणी झरथुष्ट्री नव्हते, यझदकडचे शिया मुसलमानही होते. तिकडे एकमेकांपासून अंतर राखून राहणारे इथे एकाच धंद्यात आले. समोर गिरणी कामगार, कारकून, टॅक्सीवाला, कॉलेजातली पोरं. जागा रिकामी असेल तिथे बसायचं, समोर कोण बसलंय ते विचारायचं नाही. आधी कित्येकांनी हे घरी न सांगता केलं असणार. शिवाशिव एका चहाने संपली असं मी म्हणत नाही, पण सवय अशीच एकेक कप करून मोडते.

आणि खरं इराणी जेवण? ते बराच काळ घरातच राहिलं. अक्रोड आणि डाळिंबाच्या रसातलं फेसेंजान किंवा भाताची 'तहदीग' (आपली खरपूड हो, पण तिकडे ती मानाने वाढतात) गिऱ्हाइकाला कुठे मिळणार? 21 मार्चच्या सुमारास नवरोझला घरी 'हफ्त-सीन' मांडतात. 'स'ने सुरू होणाऱ्या सात वस्तू: सीब म्हणजे सफरचंद, सीर म्हणजे लसूण, सिरका, सुमाक वगैरे. त्यांत 'सब्झे' म्हणजे ताटलीत रुजवलेले कोवळे अंकुर, अगदी आपल्या घटाभोवतीच्या धान्यासारखे.

घरातलं हे जेवण हॉटेलात आल्याचं सगळ्यांत ठळक उदाहरण म्हणजे बॅलार्ड इस्टेटमधल्या 'ब्रिटानिया'चा बेरी पुलाव. हॉटेल 1923 चं, पुलाव मात्र पुष्कळ नंतरचा. त्यातली झिरेश्क नावाची आंबट लाल बेरी इराणच्या खोरासान भागात पिकते. तिकडचा मूळ पुलाव केशराचा आणि सौम्य. इथे त्याला मसाला चढला आणि तो मुंबईकर झाला. टेबलाटेबलाशी जाऊन ऑर्डर घेणारे बोमन कोहिनूर 2019 मध्ये, वयाच्या 97 व्या वर्षी गेले.

असे इराणी एके काळी शेकड्यांनी होते, आता बोटांवर मोजावेत एवढे उरलेत. कारणं साधी आहेत. कोपऱ्यावरच्या जागेचा भाव, स्वस्त चहावर न सुटणारा खर्च, उडुप्यांची स्पर्धा. मालकांची पुढची पिढीही आपल्यासारखीच शिकून नोकरीला लागली, त्यात त्यांची काय चूक? गंमत म्हणजे 2010 मध्ये लंडनला 'डिशूम' नावाने मुंबईच्या इराण्यासारखं रेस्टॉरंट निघालं आणि तिथे लोक रांगा लावतात. खुर्च्या, आरसे, पाट्या सगळं पुन्हा बनवता येतं.

बनवता येत नाही ती एकच गोष्ट. आपण आता चौघांचं टेबल आधी बुक करून जातो, किंवा ॲपवरून मागवून घरी खातो. समोर अनोळखी माणूस बसण्याचा प्रश्नच येत नाही. इराण्याने इराणहून पदार्थ फारसा आणलाच नव्हता. त्याने आपल्याला टेबल दिलं, आणि ते दुसऱ्यासोबत वाटून घ्यायला लावलं.

असो. पुढच्या वेळी इराण्याकडे जाल तेव्हा समोरची खुर्ची बॅग ठेवून अडवू नका.