नव्वद रात्री "यशस्वी"

बरेच दिवस इथं काही लिहिलं नव्हतं. परवा आत्याच्या नातवानं विचारलं, "काका, क्लाऊडवर ठेवलं की बॅकअपची काळजी मिटली ना?" त्याला फोनवर जे सांगितलं ते जरा लांबलं. घरच्यांना त्यातली अर्धी गोष्ट माहीत आहे, उरलेली अर्धी आज लिहून टाकतो.

गोष्ट २००९ च्या संक्रांतीची. मी तेव्हा पुण्यात सर्व्हर सांभाळायची नोकरी करत होतो. वडवणीहून आत्याच्या मुलाचा फोन आला. तो एका पतसंस्थेत क्लार्क होता. (नाव मुद्दाम लिहीत नाही, माणसं चांगली होती.) "दादा, सर्व्हरमधून टिकटिक आवाज येतोय आणि स्क्रीन काळी झालीय." हार्ड डिस्कची टिकटिक म्हणजे काय, हे जाणकारांना सांगायला नको. मी विचारलं, "बॅकअप?" तो म्हणाला, "रोज होतो की. रोज मेल येते, बॅकअप यशस्वी." मी निश्चिंत होऊन रात्रीच्या एसटीनं बीड गाठलं आणि तिथून परळी रोडनं वडवणी.

बॅकअपचा डबा गल्लीपलीकडच्या जुन्या ऑफिसात होता, वायरनं जोडलेला. रोज रात्री सर्व्हरवरच्या फायली आर-सिंकनं तिथं जायच्या. हा आर-सिंक ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकरास यांनी १९९६ साली बाहेर आणला. सगळी फाईल पुन्हा न पाठवता फक्त बदललेला तुकडा पाठवायचा, ही त्याची युक्ती. नेटवर्क मंद असलेल्या आमच्यासारख्यांना वरदानच! डबा उघडला. शेवटच्या फाईलची तारीख होती दसऱ्याच्या आधीची. मेल मात्र त्यानंतर नव्वदहून जास्त रात्री येत राहिल्या होत्या, प्रत्येकीत "यशस्वी".

नवी डिस्क घालून मी दोन्ही यंत्रं बंद केली आणि एकदम वीज दिली. तेव्हा उलगडा झाला. सर्व्हर आधी जागा होतो, डबा दोन-तीन मिनिटं मागून. सर्व्हर दार ठोठावतो, पलीकडे कुणी नाही, तो गप्प पुढं जातो. मग डब्याकडे जाणारं जे फोल्डर, ते सर्व्हरच्या स्वतःच्याच डिस्कवरचं एक रिकामं फोल्डर होऊन बसतं. आर-सिंकला ते काय कळणार? तो इमानेइतबारे एका खिशातलं दुसऱ्या खिशात टाकत राहिला, आणि काम खरोखर "यशस्वी" होत होतं. दसऱ्याच्या सुमारास लोडशेडिंगमध्ये दोन्ही यंत्रं बंद पडली होती. त्यानंतर संस्थेनं मोठा इन्व्हर्टर घेतला आणि सर्व्हर एकदाही बंद पडला नाही. एकदा पडला असता तर कदाचित डबा पुन्हा जोडला गेला असता. चांगल्या इन्व्हर्टरनं घात केला म्हणायचं!

आमच्या भागात दसरा म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. त्याआधी मुकादमाकडून उचल मिळते, त्यातलं थोडं कुणी संस्थेत भरून जातं. म्हणजे गेल्या त्या नेमक्या त्याच नोंदी. आणि पासबुकं? बरीचशी पत्र्याच्या पेटीतून कारखान्यावरच्या कोप्यांमध्ये, थेट पाडव्यापर्यंत.

त्या रात्री मला एकसारखं लीळाचरित्र आठवत होतं. हसू नका. म्हाइंभटानं चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यानं त्यानं पाहिलेल्या, ऐकलेल्या तशा माणसामाणसाकडून गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस ऋद्धिपुरात ग्रंथ सिद्ध केला. पुढं देवगिरीवर दिल्लीच्या स्वाऱ्या झाल्या, आणि त्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. पंथात तिला खालशाची धाड म्हणतात. प्रत गेली, पण हिराइसा नावाच्या बाईंना ग्रंथ पाठ होता, असं परंपरा सांगते. त्यांच्या आणि इतरांच्या आठवणीतून तो पुन्हा लिहिला गेला. म्हणूनच लीळाचरित्राचे वेगवेगळे पाठ आहेत. कुठं लीळा पुढंमागं, कुठं शब्द वेगळे. वि. भि. कोलत्यांनी १९७८ साली जी आवृत्ती काढली, तिच्यामागं अशा अनेक पोथ्या एकमेकींशी ताडून बघण्याचं काम आहे. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हा रिस्टोअर झाला, पण एकाच डिस्कवरून नाही, अनेक डोक्यांतून. (शिवाय महानुभावांनी पोथ्या सांकेतिक सकळ लिपीत लिहिल्या. कुलूप इतकं पक्कं की पंथाबाहेरच्यांना ते विसाव्या शतकात उघडलं. बॅकअपला पासवर्ड लावून चिठ्ठी हरवणाऱ्यांनी याचा विचार करावा.)

आणि हे फक्त आमच्याकडेच होतं असंही नाही. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २'च्या फायली एका चुकीच्या कमांडनं उडाल्या, आणि बॅकअप नीट चालत नसल्याचं तेव्हा कळलं. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन या बाईंमुळे. बाळंतपणानंतर घरून काम करता यावं म्हणून त्यांच्या घरी एक प्रत होती. पुढं ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये एका इंजिनिअरनं रात्री चुकून चालू डेटाबेसच पुसला. बॅकअपच्या अनेक तऱ्हा होत्या, वेळेला बहुतेक निकामी निघाल्या. एक तर प्रोग्रॅमची आवृत्ती जुनी असल्यामुळे रोज गुपचूप अपयशी होत होती, आणि तसं सांगणाऱ्या मेल सर्व्हरनं नाकारल्या होत्या. वाचवलं ते कुणीतरी सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी घेतलेल्या प्रतीनं. मला त्यांचं कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्यांनी काही झाकलं नाही, सगळं जगासमोर मांडलं. आमच्या संस्थेत पहिला ठराव झाला तो "बाहेर बोलू नका" असा.

असो. अकरा रात्री आम्ही बसलो. रोजकीर्द, व्हाउचरांचे गठ्ठे, पिग्मी एजंटांच्या पावत्या, जे सापडेल ते. मी वाचायचो, आत्याचा मुलगा टायपायचा, आत्या बाजरीची भाकरी आणि तिळाची चटणी पाठवायची. बहुतेक सगळं जुळलं. सात-आठ नोंदी राहिल्या, त्यांची व्हाउचरंच गहाळ. त्यातली एक म्हातारी काठी टेकत आली. लेक-सून कारखान्यावर, पासबुक त्यांच्या पेटीत. म्हणाली, "दसऱ्याच्या म्होरल्या बाजाराला भरलेत, साडेसात हजार. माझ्या म्होरं मोजून दिलेत लेकरा." मॅनेजर म्हणाले, "मावशी, कागद आल्याशिवाय मला काही करता येत नाही." त्यांचंही खोटं नव्हतं. ती रोज यायची, पायरीवर बसायची, तेच वाक्य बोलायची. त्यात कधी एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

निघण्याआधी मी डब्यात एक छोटी फाईल ठेवली, नाव "मी इथे आहे". ती दिसली तरच बॅकअप सुरू, नाहीतर सर्व्हर बोंब मारणार, आणि तीही मेलनं नाही, भोंग्यानं. शिवाय दर महिन्याच्या एक तारखेला एका जुन्या कॉम्प्युटरवर अख्खा बॅकअप उघडायचा आणि समोर येईल त्या पहिल्या माणसाच्या पासबुकाशी ताडून बघायचा. मॅनेजरांनी कुरकुर केली, पण केलं. नातवाला मी हेच सांगितलं. क्लाऊडवर ठेव नाहीतर कणगीत, महिन्यातून एकदा उघडून बघ.

पाडव्यानंतर टोळ्या परतल्या. आत्याच्या मुलाचा फोन आला. म्हातारीचा मुलगा पासबुक घेऊन आला होता. रक्कम साडेसात हजारच, खाली क्लार्कची सही, म्हणजे ह्याचीच. तारीख मात्र तिनं सांगितलेल्या बाजाराची नव्हती, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातल्या बाजाराची होती. त्या तारखेच्या गठ्ठ्यात आम्ही शोधलंच नव्हतं, कारण तिथवरचं डब्यात आहे असं धरलं होतं. व्हाउचर तिथंच होतं.