मिरीच्या नावाने आलेली मिरची

माघ सरला की बेळगाव, निपाणी, खानापूर, गडहिंग्लज या पट्ट्यातील गच्च्या आणि अंगणे तांबडी होऊ लागतात. देठ खुडलेल्या मिरच्या जुन्या लुगड्यावर पसरलेल्या असतात. शेजारी कांद्याच्या पातळ चकत्या ऊन खात असतात. लसणाच्या जुड्या मात्र पडवीत, सावलीत आणि वाऱ्यावर टांगलेल्या दिसतात. वर्षभराच्या चटणीची ही तयारी. आमच्याकडे कांदा-लसूण घालून कुटलेल्या कोरड्या तिखटालाही ‘चटणी’च म्हणतात. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला हा शब्द ऐकून पाट्यावर वाटलेली ओली चटणी आठवते आणि तो क्षणभर गोंधळतो.

या चटणीतले दोन मुख्य घटक वयाने एकमेकांपासून फार दूर आहेत. लसूण अतिप्राचीन. १८९० मध्ये मध्य आशियातील कुचा येथे मिळालेल्या, चौथ्या ते सहाव्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या ‘बॉवर हस्तलिखिता’चा आरंभच लसणाच्या औषधी गुणांच्या वर्णनाने होतो. पाचव्या शतकाच्या प्रारंभी आलेल्या फाहियान या चिनी यात्रेकरूने मध्यदेशातले लोक कांदा-लसूण खात नाहीत, त्याला अपवाद केवळ चांडाळांचा, असे नोंदवले आहे. म्हणजे एकीकडे औषध म्हणून गौरव आणि दुसरीकडे पंक्तीतून बहिष्कार, असे दुहेरी आयुष्य लसणाने शतकानुशतके काढले.

मिरची मात्र कालची. ती मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसाने जानेवारी १४९३ मधील आपल्या रोजनिशीत तिची नोंद ‘त्या लोकांची मिरी’ अशा अर्थाने केली. १४९८ मध्ये पोर्तुगीज कालिकतला पोहोचले, १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला आणि सोळाव्या शतकात त्यांच्या व्यापाराबरोबर मिरची आपल्या किनाऱ्यावर रुजली. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तेव्हा मराठी चुलीवर तिखटपणा होता तो मिरीचा, पिंपळीचा आणि आल्याचा.

मग येथे एक पेच उभा राहतो. सावता माळी यांच्या नावे गायल्या जाणाऱ्या कांदा-मुळ्याच्या प्रसिद्ध अभंगात लसणीशेजारी मिरचीही येते. सावतोबांचा काळ १२५० ते १२९५ असा सांगितला जातो. कोलंबसाच्या आधी दोनशे वर्षे अरणच्या मळ्यात मिरची कोठून आली? अभंग मुखोमुख चालत आले आणि गाणाऱ्याने आपल्या वाफ्यात जे दिसले ते त्यात आणले, असे मानणे मला सयुक्तिक वाटते. संपूर्ण अभंगच उत्तरकालीन असण्याचीही शक्यता आहे. काहीही असले तरी त्यातून एक गोष्ट कळते. परकी मिरची इतकी घरची झाली, की संताच्या मळ्यात ती पाहून कोणालाही वावगे वाटले नाही.

ती इतकी घरची कशी झाली, याचे उत्तर तिच्या नावात आहे. पोर्तुगीजांच्या काळात आलेले इतर पाहुणे आपली नावे घेऊन आले. बटाटा, अननस, काजू, पाव हे शब्द आपण जवळजवळ जसेच्या तसे स्वीकारले. मिरचीला मात्र आपण पोर्तुगीज नावाने हाक मारली नाही. तिला मिरीच्याच घराण्यात घेतले. मिरी आणि मिरची हे दोन्ही शब्द संस्कृत ‘मरिच’च्या कुळातले. गोव्यात ती ‘मिरसांग’ झाली, म्हणजे मिरीची शेंग. बेळगावातले आमचे कानडी शेजारी तिला ‘मेणसिनकायि’ म्हणतात. त्यात ‘मेणसु’ म्हणजे मिरी आणि ‘कायि’ म्हणजे कोवळे फळ. हैदराबादच्या मराठी माणसाला तेलुगूतील ‘मिरपकाय’ परिचयाचे असेल. त्याचीही घडण तीच. वडोदऱ्यात मरी आणि मरचुं अशी जोडी नांदते. इंदूर-ग्वाल्हेरकडे तर मिरचीने ‘मिर्च’ हे नाव इतके व्यापले, की मूळ मिरीला ‘काली मिर्च’ म्हणावे लागले. आपल्या ‘लवंगी’ मिरचीने पुढे लवंगेचेही नाव घेतले.

बटाट्याला न मिळालेला हा मान मिरचीलाच का मिळाला? तिखटपणा हे एक कारण उघडच आहे. दुसरे कारण वाळवणाचे असावे, असे माझे मत आहे. काळी मिरी म्हणजे तरी काय? वेलीवरचे हिरवे घोस उन्हात वाळवून काळे पडलेले दाणे. वाळवायचे, कुटायचे आणि डब्यात वर्षभर ठेवायचे हा संस्कार येथे आधीपासूनच होता. मिरची त्यात अलगद बसली. पिकलेल्या मिरचीच्या वजनात दोन-तृतीयांशाहून अधिक पाणी असते. ते १० टक्क्यांच्या आसपास उतरले की ती टिकते. आजीला हा आकडा ठाऊक नव्हता. मिरची कानाशी हलवली आणि बिया खुळखुळल्या की तिचे समाधान होई. लसणीचे गणित उलटे. तिचे वरचे पापुद्रे वाळावेत आणि आतली पाकळी रसरशीत राहावी, म्हणून तिला सावली.

गोव्यात याच दोघांची गाठ व्हिनेगरमध्ये पडली. ‘विंदालू’चा बटाट्याशी काहीही संबंध नाही. पोर्तुगीज ‘विन्या द आल्यूश’, म्हणजे द्राक्षमद्य आणि लसूण, यांत मुरवलेल्या मांसाचे ते नाव. गोव्यातील स्वयंपाकघराने त्यात सुक्या मिरसांगा वाटून घातल्या आणि पदार्थ आपला केला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे मुंबई राज्यातील जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. मिरचीचा बाजार मात्र त्या रेषेने तुटला नाही. हुक्केरी तालुक्यातील संकेश्वरचे नाव लावणारी ‘संकेश्वरी’ लगतच्या गडहिंग्लजच्या बाजारात आजही त्याच नावाने विकली जाते. २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ब्याडगी रंगासाठी आणि संकेश्वरी तिखटपणासाठी, हे मिश्रण दोन्ही राज्यांतील गृहिणी जाणतात. तांबड्या मिरच्या आणि लसूण वाटून केलेल्या ‘रंजका’ला उत्तर कर्नाटकातील कानडी घरांत आणि सोलापूर-मराठवाड्यातील मराठी घरांत एकच नाव आहे. आमचा लढा मराठीच्या हक्काचा आहे. शेजाऱ्याच्या जिभेशी आमचे वैर नाही, याचा याहून साधा पुरावा मला देता येणार नाही.

चिंता निराळी आहे. आता मसाल्याची पाकिटे घरात आली, गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या बसल्या. देठ खुडणे, ऊन दाखवणे, कांडप, जुडी, खुळखुळणे हे शब्द कामाबरोबर चालले आहेत. जेथे शाळेत आणि कचेरीत मराठी कानावर पडत नाही, तेथे ती प्रथम स्वयंपाकघरात जगते आणि तेथून गेली तर तिला दुसरे घर उरत नाही. म्हणून वाचकहो, आपण बेळगावात असा, पणजीत, वडोदऱ्यात की हैदराबादेत, या उन्हाळ्यात घरातील वडीलधाऱ्या बाईजवळ वही घेऊन बसा. मिरचीच्या जातींना, वाळवणाच्या पायऱ्यांना, कुटण्याच्या साधनांना ती काय म्हणते ते तिच्याच उच्चारात लिहून घ्या आणि जमल्यास शेरभर मिरच्या तिच्यासोबत वाळत घाला.