शिट्टीवाल्यांची पेन्शन आणि सिएटलची ती रात्र

आजचा विषय लांबचा आहे, थेट अमेरिकेतला. पण टाळेबंदी, पेन्शन, बदली कामगार हे आपल्या ओळखीचे शब्द त्यात येणार आहेत, म्हणून लिहितोय. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

सप्टेंबर 2012 मध्ये मी मुलीकडे मॅडिसनला होतो. मॅडिसन ही विस्कॉन्सिन राज्याची राजधानी. 24 तारीख, सोमवारची रात्र. जावई आणि त्यांचे दोन मित्र हिरवे-पिवळे शर्ट घालून टीव्हीसमोर बसलेले. ग्रीन बे पॅकर्स विरुद्ध सिएटल सीहॉक्स. मला तोवर अमेरिकन फुटबॉल म्हणजे नुसती हेल्मेट घालून केलेली धक्काबुक्की वाटायची. जावयांनी आधी पॅकर्स काय चीज आहे ते सांगितलं. ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचं गाव, आणि या संघाला कुणी शेठ मालक नाही. साडेतीन लाखांहून जास्त छोट्या भागधारकांचा संघ! आपल्याकडच्या सहकारी कारखान्यासारखं म्हणा, फक्त चेअरमनच्या पोराला तिकीट मिळत नाही एवढाच फरक.

पॅकर्स 12-7 ने पुढे होते. शेवटची चाल. सिएटलच्या रसेल विल्सनने चेंडू उंच भिरकावला, थेट मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, ज्याला एंड झोन म्हणतात. तिथे चेंडू झेलला की टचडाउन, म्हणजे सहा गुण, म्हणजे सामना सिएटलचा. घोळक्यातून चार-पाच जणांनी उड्या मारल्या. पॅकर्सच्या जेनिंग्जने चेंडू छातीशी धरला, सिएटलच्या गोल्डन टेटने त्यात हात घातला आणि दोघे एकमेकांत गुंतून खाली पडले. दोन पंच धावत आले, एकमेकांकडे पाहिलं, आणि एकाने दोन्ही हात सरळ वर केले. टचडाउन. त्याच क्षणी शेजारच्याने हात डोक्यावर हलवले, म्हणजे घड्याळ थांबवा. एकाच चेंडूवर, दोन फुटांवर उभे राहून, दोन वेगळ्या खुणा.

मग रिप्ले पाहिला गेला आणि टचडाउन कायम राहिलं. नियम असा की दोघांनी एकाच वेळी झेलला तर चेंडू फेकणाऱ्या संघाचा. तो एकाच वेळी झेलला होता का, हा प्रश्न विस्कॉन्सिनमध्ये आजही विचारू नका. त्याआधी टेटने पॅकर्सच्या एका खेळाडूला दोन्ही हातांनी ढकललं होतं, ते मलासुद्धा दिसलं होतं. पंचांना दिसलं नाही. नंतर खेळाडूंना पुन्हा मैदानावर बोलावून उरलेली एक किक मारून घेतली, आणि निकाल 14-12. जावई एक शब्द न बोलता उठून अंगणात गेले.

दुसऱ्या दिवशी लीगने कबूल केलं की त्या ढकलण्याबद्दल दंड द्यायला हवा होता, आणि तो दिला असता तर सामना तिथेच संपून पॅकर्स जिंकले असते. निकाल मात्र बदलणार नाही. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी ट्विट केलं. विस्कॉन्सिनचे गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनीही केलं, की खरे पंच परत आणा. हे वाचून आमच्या घरात हशा पिकला. कारण याच वॉकर महाशयांनी 2011 मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियनचे सामुदायिक वाटाघाटीचे हक्क कापले होते, आणि त्याविरुद्ध हजारो शिक्षक-कर्मचाऱ्यांनी याच मॅडिसनचं विधानभवन आठवडेच्या आठवडे व्यापलं होतं. आता तेच गव्हर्नर युनियनचे पंच मागत होते.

कारण मैदानावरचे ते दोघे खरे पंच नव्हतेच. खऱ्या पंचांना लीगने जूनपासून कामाबाहेर ठेवलं होतं. संप नव्हे हं, टाळेबंदी.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि पंधरा-वीस वर्षं युनियनचं काम केलं. त्यामुळे भांडण कशाचं हे शोधल्याशिवाय मला झोप लागेना. मुलीच्या घरून परत येईपर्यंत मी जे मिळेल ते वाचून काढलं, पुढेही वाचत राहिलो.

पहिली गोष्ट कळली ती अशी की हे पंच पोटापाण्यासाठी दुसरंच काहीतरी करतात. वकील, शिक्षक, बँकवाले, विमा एजंट. अमेरिकेतल्या सगळ्यात श्रीमंत खेळाचे पंच अर्धवेळ! बर्ल टोलर हे लीगचे पहिले कृष्णवर्णीय पंच, 1965 पासूनचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळेत शिक्षक, पुढे मुख्याध्यापक. शनिवारी विमानात बसायचं, रविवारी सामना, सोमवारी शाळेची घंटा.

हे काम किती अवघड आहे ते आपल्याला चटकन समजत नाही. मैदानात बावीस जण एकाच क्षणी एकमेकांवर धावतात. पंच सात. सातवा 1978 मध्ये वाढवला. पांढरी टोपी घातलेला मुख्य, त्याला रेफरी म्हणतात. प्रत्येकाने काय पाहायचं ते ठरलेलं असतं, आणि चेंडूकडे पाहत बसणं हे बऱ्याच जणांचं काम नसतंच. एकाने फक्त समोरच्या पहिलवानांचे हात पाहायचे, एकाने रेषेवरचे पाय. सामन्यात अशा दीडशेच्या आसपास चाली, आणि एक चाल पाच-सात सेकंदांत खल्लास. नजर चेंडूमागे गेली की गेलं. ही सवय मोडायला वर्षं लागतात.

ही शिस्त बसवण्यात मोठा वाटा आर्ट मॅकनॅली यांचा. हेही मूळचे फिलाडेल्फियातले शाळामास्तर. 1968 मध्ये ते लीगच्या पंचविभागाचे प्रमुख झाले. त्यांनी सामन्याची फिल्म पाहून पंचांना प्रत्येक चालीवर गुण द्यायची पद्धत बसवली. ज्याचे गुण चांगले त्याला बाद फेरीचे सामने. म्हणजे पंचांचीही दर आठवड्याला परीक्षा. 23 डिसेंबर 1972 ला पिट्सबर्गमध्ये शेवटच्या काही सेकंदांत एक पास दोन खेळाडूंच्या टकरीतून उसळून मागे आला, तो फ्रँको हॅरिसने जमिनीला टेकता टेकता उचलला आणि धावत सुटला. तेव्हाच्या नियमाने चेंडू आधी कुणाला लागला यावर सगळं अवलंबून. मुख्य पंच फ्रेड स्वेअरिंगन यांनी सहकाऱ्यांशी बोलून, मैदानाच्या कडेच्या फोनवरून वर प्रेस बॉक्समध्ये बसलेल्या मॅकनॅलींशी संपर्क साधला आणि मग टचडाउन दिला. पिट्सबर्ग 13-7 ने जिंकलं. हरलेले ओकलंडवाले पन्नास वर्षं रडतायत. मॅकनॅलींना 2022 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. तिथे गेलेले ते पहिले पंच. नव्वदी ओलांडल्यावर!

मग आलं यंत्र. लीगने 1986 मध्ये रिप्ले सुरू केला आणि वेळ फार जातो, चुकाही होतात म्हणून 1992 मध्ये बंद केला. गंमत बघा, त्याच वर्षी नोव्हेंबरात डर्बनला क्रिकेटमध्ये तिसरा पंच आला आणि त्याने बाद दिलेला पहिला फलंदाज म्हणजे आपला सचिन, धावबाद. तिकडे मात्र रिप्ले परत यायला 6 डिसेंबर 1998 उजाडावा लागला. न्यूयॉर्क जेट्सचा व्हिनी टेस्टाव्हर्डी रेषेजवळ पडला. चेंडू अलीकडेच राहिला, हेल्मेट पलीकडे गेलं. पंचाने हेल्मेटलाच चेंडू समजून टचडाउन दिला आणि सिएटल 32-31 ने हरलं. हो, तेच सिएटल. पुढच्या वर्षी मालकांनी 28-3 मतांनी रिप्ले परत आणला.

पण मला यंत्रापेक्षा एड हॉक्युली जास्त लक्षात राहिले. ॲरिझोनातले वकील, दंड भरदार, बाह्या ताणलेल्या. सप्टेंबर 2008 मध्ये डेन्व्हरच्या सामन्यात त्यांनी चुकून लवकर शिट्टी वाजवली आणि सॅन डिएगो 39-38 ने हरलं. शिट्टी वाजली की खेळ मेला, रिप्लेही काही करू शकेना. संतापलेल्या प्रेक्षकांचे शेकडो ईमेल आले, आणि हा माणूस लोकांना स्वतः उत्तरं देत बसला, की होय, चूक माझी. दुसऱ्या वर्षी नियम बदलला. हॉक्युली त्यानंतरही कित्येक वर्षं मैदानावर होते.

तर आता 2012. लीगचं वर्षाचं उत्पन्न 9 अब्ज डॉलरच्या घरात. पंचांचा सरासरी मोबदला 1,49,000 डॉलर. वाद पगारापेक्षा पेन्शनचा होता. लीगला ठरावीक रकमेची पेन्शन बंद करून बाजाराशी जोडलेलं खातं आणायचं होतं. आपल्याकडची जुनी पेन्शन विरुद्ध नवी पेन्शन, हुबेहूब. 9 अब्जांपुढे वादातली रक्कम चिल्लर होती. मग लीग का अडली? माझा अंदाज असा की 2001 मध्ये अशाच टाळेबंदीत एक आठवडा बदली पंचांवर निभावलं होतं. मालकांना वाटलं, शिट्टी तर वाजवायचीय, कुणीही वाजवेल.

मोठ्या कॉलेज स्पर्धांचे पंच आले नाहीत. मग खालच्या स्तरावरच्या कॉलेजांमधून, शाळांमधून माणसं गोळा केली. एका पंचाला सामन्याच्या काही तास आधी काढावं लागलं, कारण तो त्यातल्याच एका संघाचा चाहता असल्याचं त्याच्या फेसबुकवर निघालं. (पोस्ट टाकताना जपून, मंडळी.) त्या माणसांना मी दोष देत नाही. त्यांना ज्या वेगाची सवय नव्हती तिथे आणून उभं केलं. त्यांच्यातच शॅनन ईस्टिन होत्या, लीगच्या नियमित सामन्यात पंचगिरी करणारी पहिली स्त्री. इतिहास घडला तो टाळेबंदी फोडणारी म्हणून, हे मला अजून गिळता येत नाही. कायमस्वरूपी नेमणूक झालेली पहिली स्त्री सारा थॉमस, 2015 मध्ये. 2021 च्या सुपर बोलमध्येही त्या होत्या.

सिएटलच्या रात्रीनंतर दोनच दिवसांत करार झाला. 27 तारखेला बाल्टिमोरमध्ये जुने पंच मैदानात आले तेव्हा अख्खं स्टेडियम उभं राहिलं. पंचांसाठी टाळ्या! एरवी शिव्यांशिवाय काही न मिळणारी माणसं. कराराने मोबदला 2019 पर्यंत 2,05,000 डॉलरवर जाणार होता. पेन्शन मात्र असलेल्या पंचांना 2016 च्या हंगामापर्यंतच, आणि नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून बाजाराचं खातं. हे वाचून कुणाला 1 नोव्हेंबर 2005 आठवला तर नवल नाही. आहेत त्यांचं थोडं वाचवायचं आणि जो अजून आलाच नाही त्याचं सोडून द्यायचं, असे करार मी स्वतः टेबलावर बसून पाहिलेत. सोडणाऱ्यांत मीही होतो.

आता कुणी म्हणेल, खरे पंच तरी कुठे धुतल्या तांदळाचे? बरोबर आहे. 20 जानेवारी 2019, न्यू ऑर्लिन्स, सुपर बोलच्या आधीचा सामना, 20-20 बरोबरी, दोनेक मिनिटं उरलेली. लॉस एंजेलिसच्या खेळाडूने चेंडू येण्याआधीच समोरच्याला आडवं केलं. सगळ्या जगाला दिसलं, रुमाल पडला नाही. तिकडे चूक दिसली की पंच पिवळा रुमाल फेकतो. न्यू ऑर्लिन्स हरलं. सुपर बोलच्या दुसऱ्या दिवशी तिथल्या वर्तमानपत्राने पहिलं पान जवळजवळ कोरं ठेवलं. खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि फेटाळला गेला. मालकांनी 31-1 ने नियम बदलून असे निर्णयही रिप्लेत आणले. एका हंगामात इतका गोंधळ झाला की दुसऱ्या वर्षी तो नियमच सोडून दिला.

म्हणजे चूक झाली की नवा कॅमेरा, हा रिवाज. माणसावर खर्च करायचा एक प्रयत्न झाला होता. 2017 मध्ये काही पंचांना पूर्णवेळ नोकरीवर घेतलं, 2019 मध्ये ते थांबवलं. क्रिकेटमध्ये 2002 पासून पूर्णवेळ पंचांचं पथक आहे, तिकडे अजून बहुतेक जण सोमवारी आपापल्या नोकरीवर हजर. आणि 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर राज्याराज्यांत सट्टा कायदेशीर झालाय, लीगने सट्टा कंपन्यांशी भागीदारीही केलीय. एका रुमालावर किती पैसे फिरत असतील, विचार करा.

2025 च्या हंगामापासून क्रिकेटमधलं आपल्या ओळखीचं हॉक-आय तिथे आलंय. साखळी ताणून अंतर मोजायचं काम आता कॅमेरे करतात. जावयांनी मला फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितलं. मी विचारलं, खेळाडू पडल्यावर चेंडू नेमका कुठे होता हे पण तोच सांगतो का? ते म्हणाले, नाही बाबा, चेंडू कुठे ठेवायचा ते अजून पंचच बघून ठरवतो. तिथून पुढचं मोजायला कॅमेरा.