बाप्टिस्ट पाळकांचे शिक्षण : हाउन्सलो, लंडन आणि श्रीरामपूर

लंडनच्या पश्चिम कडेवरील हाउन्सलो बरोमध्ये धर्मशिक्षणाचे दोन निरनिराळे मार्ग एकेकाळी शेजारी नांदत होते. आयलवर्थच्या बरो रोड कॉलेजात कोणत्याही एका पंथाची शिकवण न लादता बायबल शिकवणारे शिक्षक घडवले जात, तर ऑस्टर्लीच्या कॅम्पियन हाउसमध्ये, म्हणजे 2004 मध्ये बंद झालेल्या जेझुइट संस्थेत, उशिरा पौरोहित्याकडे वळलेल्या कॅथलिकांची तयारी करून घेतली जाई. बाप्टिस्टांची लंडनमधील नामांकित विद्यालये मात्र शहराच्या अन्य भागांत होती आणि त्यांचा आपसांतील वाद याहून निराळा होता.

समजून-उमजून विश्वास ठेवणाऱ्यालाच बाप्तिस्मा द्यावा, असे मानणाऱ्या या पंथात सतराव्या शतकापासून दोन प्रवाह होते : ख्रिस्ताने सर्वांसाठी प्राण दिला असे मानणारे ‘जनरल’ आणि तारण केवळ देवाने निवडलेल्यांसाठीच आहे असे मानणारे, कॅल्व्हिनच्या मताचे ‘पर्टिक्युलर’. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असल्यामुळे सर्वांवर एकच मत लादणारी धर्मसत्ता या पंथात नव्हती. परिणामी विद्यालयाचा कल कोणता, हे बहुधा त्याचे प्राचार्य आणि विद्यापीठाशी असलेले त्याचे नाते यांवरून ठरत असे.

1810 मध्ये स्टेप्नी येथे सुरू झालेली अकादमी 1856 मध्ये रीजंट्स पार्कला गेली आणि तिला त्या जागेचेच नाव मिळाले. दीर्घकाळ प्राचार्य असलेले जोसेफ अँगस नव्या कराराच्या सुधारित इंग्रजी भाषांतराच्या समितीवर होते. तेव्हा मूळ पाठाची चिकित्सा हा श्रद्धेचा शत्रू नव्हे, ही भूमिका तेथे रुजली यात नवल नाही. 1927 पासून हे विद्यालय ऑक्सफर्डकडे वळले.

त्याच 1856 च्या सुमारास, स्वतः कोणत्याही धर्मविद्यालयात न शिकलेल्या उपदेशक चार्ल्स स्पर्जन यांनी पास्टर्स कॉलेज काढले, आणि तेथे पदवीपेक्षा उपदेशाची सिद्ध झालेली क्षमता व कॅल्व्हिनी मताची निष्ठा यांना अधिक मोल होते. 1887 मध्ये, धर्मशास्त्र उतरणीला लागले आहे असा आरोप करून, स्पर्जन बाप्टिस्ट युनियनमधून बाहेर पडले. स्पर्जन यांची भीती सर्वस्वी निराधार नव्हती, परंतु चिकित्सा आणि अविश्वास यांना एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे होते. पुढे याच विद्यालयाने विद्यापीठीय पदव्या स्वीकारल्या, हे त्या वादावरील कालांतराचे उत्तर म्हणता येईल.

मराठी वाचकाला या इतिहासाचा तिसरा धागा परका वाटू नये. मराठी व्याकरण (1805) लिहिणारे बाप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरी मूळ पेशाने चर्मकार होते आणि धर्मविद्यालयात शिकलेले नव्हते. तरीही त्यांनी सहकाऱ्यांसह 1818 मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे जे महाविद्यालय काढले, त्याची दारे सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना खुली होती. त्याच परंपरेतील श्रीरामपूर सिनेटच्या पदव्या आज पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीतही दिल्या जातात. ही सेमिनरी पूर्वी यवतमाळला होती व ती 1983 मध्ये पुण्यास आली. तिचा कल सुवार्तावादी, म्हणजे बायबलच्या अधिकारावर व व्यक्तिगत परिवर्तनावर भर देणारा आहे, मात्र ती एकाच पंथाची नाही.

स्पर्जन यांचे विद्यालय जुलै 2025 अखेर बंद पडले. कारण सैद्धान्तिक मतभेदाचे नव्हे, तर पैशाचे होते.