आयबीएमला नेमकं कुणी हाकललं?

आयटीवाल्यांच्या गप्पांत राजकारण शिरलं की फार वेळ न लागता १९७७ साल निघतंच. सरकार आणि एखादी परदेशी टेक कंपनी यांच्यात काहीही वाजलं की कुणीतरी म्हणतं, "आठवतंय ना, जॉर्ज फर्नांडिसांनी आयबीएमला हाकललं होतं, देश वीस वर्षं मागे गेला." लगेच समोरून उत्तर येतं, "उलट, हाकललं म्हणूनच टीसीएस आणि इन्फोसिस उभ्या राहिल्या!" मग अर्धा तास हेच. दोन्ही बाजूंचे लोक हे इतक्या आत्मविश्वासाने सांगतात की आपण वाद न घालता चहा संपवावा हे उत्तम :)

पण या प्रकरणातल्या तारखा एकाखाली एक लिहून काढल्या, तर दोन्ही गोष्टी डळमळायला लागतात. म्हणून हा वीकेंडचा लेख.

सुरुवात थोडी आधीपासून करू. आयबीएम भारतात आली पन्नासच्या दशकात. साठच्या दशकात देशात जे थोडेफार कॉम्प्युटर बसले, त्यातले बहुसंख्य तिचे. त्यातलं सगळ्यात गाजलेलं मॉडेल म्हणजे १४०१. आयबीएमने १९५९ मध्ये हे मशीन जाहीर केलं आणि जगभर अशी दहा हजारांहून जास्त मशिन्स बसवली. ट्रान्झिस्टरवर चालणारं, पंच कार्ड खाणारं, आणि मेमरी जास्तीत जास्त १६,००० अक्षरांची. म्हणजे तुम्ही आत्ता वाचताय तो लेख त्यात जेमतेम मावेल.

गंमत म्हणजे आयबीएम ही मशिन्स सहसा विकत नसे, भाड्याने देत असे. १९६४ मध्ये तिने सिस्टिम ३६० ही नवी मालिका आणली. मग बाहेरच्या देशांतले ग्राहक जुनी १४०१ परत करू लागले. त्यातली काही मशिन्स भारतात आली, मुंबईच्या कारखान्यात ठाकठीक झाली आणि पुन्हा भाड्यावर चढली. यात बेकायदा काही नव्हतं. ग्राहकांचं कामही होत होतं. पण जगाने टाकलेलं मशीन आपण सत्तरच्या दशकात भाड्याने वापरतोय, हे दिल्लीतल्या अधिकाऱ्यांना आणि शास्त्रज्ञांना खुपत होतं. १९७५-७६ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीनेही सरकारी खात्यांतल्या कॉम्प्युटर्सचा आढावा घेताना आयबीएमच्या या धंद्यावर टीका केली.

आता तारखा बघा.

१९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६३ मध्ये, होमी भाभांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली गेली. तिचा अहवाल आला १९६६ मध्ये, आणि त्याच वर्षी जानेवारीत भाभा विमान अपघातात गेले. अहवालाचा रोख स्वावलंबनावर होता. त्यानंतरच्या वर्षांत सरकारने आयबीएम आणि ब्रिटिश कंपनी आयसीएल या दोघींनाही सुचवलं, की इथल्या धंद्यात भारतीय भागीदार घ्या. आयबीएमने नकार दिला आणि तेव्हा सरकारच मागे सरलं. १९७० मध्ये इलेक्ट्रॉनिक्सचं स्वतंत्र खातं निघालं, १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स कमिशन आलं. १९७३ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे प्रसिद्ध 'फेरा', संमत केला. परकीय हिस्सा ४० टक्क्यांपेक्षा जास्त ठेवायचा असेल तर रिझर्व्ह बँकेची परवानगी हवी, हे त्यातलं कळीचं कलम. उच्च तंत्रज्ञान आणि निर्यातीच्या नावाखाली काही कंपन्यांना सवलत मिळू शकत होती, पण मागावी लागत होती.

या सगळ्या काळात जॉर्ज फर्नांडिस कुठे होते? १९६७ मध्ये दक्षिण मुंबईतून स. का. पाटलांना पाडून ते खासदार झाले होते, १९७१ मध्ये स्वतः पडले होते, १९७४ मध्ये त्यांनी रेल्वेचा संप घडवला होता. आणीबाणीत ते आधी भूमिगत आणि मग तुरुंगात. मार्च १९७७ ची निवडणूकसुद्धा त्यांनी तुरुंगातूनच जिंकली. उद्योगमंत्री झाले त्यानंतर. म्हणजे फाईल त्यांच्या टेबलावर आली तेव्हा ती दहा-अकरा वर्षं जुनी होती.

आयबीएमने शेवटपर्यंत तडजोडीचे प्रस्ताव दिले. इथल्या सेवेचा धंदा वेगळा काढू, त्यात भारतीय भागीदार घेऊ, पण उत्पादन आणि निर्यातीचा भाग शंभर टक्के आमचा राहील, असा साधारण त्यांचा सूर. सरकारने तो मानला नाही आणि नोव्हेंबर १९७७ मध्ये आयबीएमने जाण्याचा निर्णय जाहीर केला. १९७८ मध्ये ती गेली. कोकाकोलाही याच सुमारास गेली, त्यामुळे लोकांच्या आठवणीत दोन्हींचं एकच चित्र तयार झालं आणि त्या चित्रात मधोमध कुर्ता घातलेले जॉर्ज उभे राहिले.

हाकललं म्हणावं का? अट सरकारने घातली, ती शेवटपर्यंत सैल केली नाही, आणि जॉर्जना त्याचं श्रेय घ्यायला आवडलंही असणार. पण अट सगळ्यांना सारखीच होती. आयसीएलने ती पाळली. पुण्यात तिची आयसीआयएम नावाची कंपनी होती, तिच्यातला ब्रिटिश हिस्सा ४० टक्क्यांवर आणला आणि धंदा चालू ठेवला. आजची पुण्याची झेनसार म्हणजे त्याच घराण्यातली. बरोज या अमेरिकन कंपनीने टाटांशी भागीदारी करून मुंबईत सीप्झमध्ये टाटा बरोज काढली. ती पुढे टाटा इन्फोटेक झाली आणि २००६ मध्ये टीसीएसमध्ये विलीन झाली. दार उघडं होतं, आयबीएमला त्या दारातून आत यायचं नव्हतं. तिचंही एक तर्कशास्त्र होतं. एका देशाला ६० टक्के दिले की उद्या ब्राझील मागणार, परवा नायजेरिया.

थोडक्यात, पहिल्या पार्टीची गोष्ट अर्धी. आता दुसऱ्या पार्टीकडे वळू.

"आयबीएम गेली म्हणून आपली आयटी उभी राहिली." टीसीएस सुरू झाली १९६८ मध्ये. फकीरचंद कोहली तिथे आले १९६९ मध्ये. बरोजसाठी परदेशी सॉफ्टवेअरचं काम त्यांनी घेतलं १९७४ मध्ये. एचसीएल निघाली १९७६ मध्ये. हे सगळं आयबीएम इथे ठाण मांडून बसलेली असताना. टीसीएसच्या त्या कामाची गोष्ट तर मला फार आवडते. प्रोग्रॅम लिहायचे बरोजच्या मशीनसाठी, आणि हाताशी मशीन आयसीएलचं. मग या लोकांनी एकाचं दुसऱ्यात रूपांतर करणारं टूलच लिहून काढलं. गरज पडली की माणूस कंपायलरच्या पोटात शिरतो!

आणि आयबीएम गेल्यानंतरची वर्षं काही सोन्याची नव्हती. हैदराबादची ईसीआयएल ही सरकारी कंपनी देशी कॉम्प्युटर बनवत होती, पण मागणीला पुरी पडत नव्हती. आयातीसाठी परवाने, प्रचंड ड्युटी, आणि बदल्यात सॉफ्टवेअर निर्यातीची हमी. इन्फोसिस २ जुलै १९८१ ला पुण्यात नोंदली गेली. तिला स्वतःचा कॉम्प्युटर मिळायला १९८३ उजाडलं. कॉम्प्युटर कंपनी आणि कॉम्प्युटर नाही! गाठी थोड्या सैल झाल्या त्या नोव्हेंबर १९८४ च्या कॉम्प्युटर धोरणाने आणि १९८६ च्या सॉफ्टवेअर धोरणाने. ज्या देशी हार्डवेअरच्या नावाने हा सगळा खटाटोप झाला, ते हार्डवेअर आज तुमच्या टेबलावर नाही. म्हणजे दुसरी गोष्टही अर्धीच.

मग १९७७ मधून शिकण्यासारखं काहीच नाही का? आहे. पण ते जॉर्ज आणि आयबीएम यांच्या कुस्तीत नाही. ते एका कंटाळवाण्या सरकारी नावात लपलंय: कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन.

विचार करा, देशातले बहुतेक कॉम्प्युटर ज्या कंपनीचे, तीच कंपनी गाशा गुंडाळतेय. रेल्वे, विमा, मोठे कारखाने, संशोधन संस्था, सगळीकडे तिची यंत्रं. पगाराच्या पावत्या त्यांच्यावर छापल्या जातात. सुटे भाग तिचे, मॅन्युअल तिची, दुरुस्ती करणारे इंजिनिअर तिचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन बंद पडलं तर फोन कुणाला करायचा?

या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. सीएमसीची स्थापना झाली डिसेंबर १९७५ मध्ये. आयबीएमने निर्णय जाहीर करायच्या जवळजवळ दोन वर्षं आधी, जॉर्ज मंत्री व्हायच्याही आधी. फेराचा शेवट असा होऊ शकतो हे कुणीतरी कागदावर मांडलं होतं आणि त्यासाठी माणसं उभी केली होती. १९७८ मध्ये आयबीएमच्या ८०० हून अधिक ठिकाणच्या यंत्रांची देखभाल सीएमसीने अंगावर घेतली. आयबीएमचे बरेच इंजिनिअर तिकडेच गेले. काही माजी कर्मचाऱ्यांनी मिळून आयडीएम नावाची कंपनी काढली आणि डेटा सेंटरचं काम चालू ठेवलं. मशिन्स चालत राहिली. म्हणून तर या प्रकरणाचा इतिहासात बोभाटा झाला, पण पगार अडकल्याचा नाही झाला.

आपल्या भाषेत सांगायचं तर देशाच्या पातळीवरची ही केटी होती, नॉलेज ट्रान्सफर. आपल्यातले निम्मे लोक सपोर्ट प्रोजेक्टमध्ये असतात आणि लग्नाच्या स्थळाला सांगताना 'डेव्हलपमेंट'मध्ये आहे म्हणतात. पण १९७८ मध्ये देशाची लाज राखली ती सपोर्टवाल्यांनीच. पुढे सीएमसीला फक्त आयबीएमचंच नाही, वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशिन्सचं पोट माहीत झालं. १९८५-८६ मध्ये दिल्लीत सुरू झालेली रेल्वेच्या कॉम्प्युटर आरक्षणाची पद्धत त्यांनीच बनवली. रात्रभर खिडकीपुढे रांग लावलेल्या आपल्या आई-बाबांना विचारा त्याचं मोल. २००१ मध्ये सरकारने सीएमसी टाटांना विकली आणि २०१५ मध्ये तीही टीसीएसमध्ये विरघळली. आज तिचं नाव निघत नाही.

इथे जपानची आठवण येते. आयबीएमला तिथेही शंभर टक्के मालकीच हवी होती. जपानच्या व्यापार खात्याने १९६० मध्ये ती मान्य केली, पण बदल्यात आयबीएमची पेटंट्स जपानी कंपन्यांना ठरावीक रॉयल्टीवर वापरू द्यायला लावली. आम्ही शेअर मागितले, त्यांनी ज्ञान मागितलं. जपानची बाजारपेठ मोठी होती, तिथला उद्योगही पुढे होता, त्यामुळे तुलना सरळसोट नाही. पण टेबलावर बसताना काय मागायचं, हे त्यांनी आपल्यापेक्षा नीट ठरवलं होतं एवढं खरं.

आयबीएम परत आली १९९२ मध्ये, टाटांबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत. जी कंपनी भागीदार नको म्हणून गेली, ती भागीदार घेऊनच आली. १९९९ मध्ये तिने पुन्हा सगळी मालकी स्वतःकडे घेतली आणि कुणी रस्त्यावर उतरलं नाही. असो.

हे आज का उगाळायचं? कारण भाड्याची मशिन्स गेली आणि भाड्याचे सर्व्हर आले. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायारा एनर्जीवर निर्बंध घातले. रशियन भागीदार असलेली, गुजरातेत वाडीनारला मोठी रिफायनरी चालवणारी ही कंपनी. भारताने तिच्यावर काहीही बंदी घातली नव्हती. तरी मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या, आणि कर्मचाऱ्यांचे ईमेल बंद पडले. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा काही दिवसांत सेवा परत चालू झाल्या. त्यानंतर सप्टेंबरमध्ये केंद्रीय मंत्री आपण झोहो वापरायला लागल्याचं जाहीर करू लागले आणि पुन्हा तोच वाद, त्याच दोन पार्ट्या. २०२० मध्ये ट्विटरला देशी पर्याय म्हणून आलेलं 'कू' २०२४ मध्ये बंद पडलं, हे तोवर बरेच जण विसरलेही होते.

झोहो चांगलं की वाईट, स्वदेशी खरं की खोटं, हे ज्याने त्याने ठरवावं. मला विचाराल तर मंत्र्याच्या घोषणेपेक्षा मी वेगळ्याच गोष्टी बघेन. आपला डेटा कोणत्या फॉरमॅटमध्ये आहे आणि तो उद्या उचलून दुसरीकडे नेता येतो का. तो नेऊन दाखवण्याचा सराव कुणी केलाय का. आणि रात्री अडीचला सिस्टिम पडली तर ती उघडून बघू शकणारी माणसं कोणाच्या पगारावर आहेत.

पुढच्या वेळी १९७७ चा वाद निघाला की समोरच्याला एवढंच विचारून बघा, "बाबा रे, सीएमसी कधी स्थापन झाली?" उत्तर आलं तर पुढे बोलण्यात मजा आहे.