खजाना विहीर आणि जमिनीखालची वाट

बीडहून सोलापूरच्या रस्त्यानं पाच-सहा किलोमीटर गेलं की खजाना विहीर लागते. माझी सारी नोकरी भूजलाच्या कामात झाली. जिल्ह्यातल्या गावोगावच्या विहिरींत टेप सोडून पाण्याची पातळी वहीत मांडायची, हेच माझं काम. पण जमिनीच्या पोटात हात घालताना काय सांभाळायचं, हे मला या विहिरीनं शिकवलं.

विहीर 1582च्या सुमाराची. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या अमलात बीडची जहागीर सलाबतखानाकडे होती. त्यानं ती बांधवली, आणि काम राजा भास्कर यांच्या देखरेखीखाली झालं. सरकारी खजिना विहिरीत खर्ची पडला म्हणून हे नाव, असं बीडमध्ये सांगतात. मला त्या गोष्टीपेक्षा विहिरीची तीन भुयारं मोठी वाटतात. दोन भुयारांतून पाणी आत येतं, तिसऱ्यातून बाहेर पडतं आणि उतारानं बलगुजारच्या शेतांकडे जातं. त्यासाठी ना मोट लागते, ना इंजिन.

ही विद्या इराणकडची. मलिक अंबरनं औरंगाबादला नहर आणली तीही अशाच भुयारांतून, आणि बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याचं तत्त्वही तेच. भुयारावर ठिकठिकाणी उसासे, म्हणजे वर उघडणारी उभी विवरं, ठेवायची; त्यांतून आत हवा खेळते आणि गाळ काढायला माणूस उतरू शकतो.

आता आपली बालाघाटाची डोंगररांग बघा. इथला काळा पाषाण थराथरांचा. वर मुरूम, त्याखाली मांजऱ्या खडक, मग घट्ट खडक. पावसाचं पाणी मुरमातून झिरपतं, घट्ट थरावर अडतं, आडवं सरकतं आणि थर जिथं उतारावर उघडा पडतो तिथं झरा होऊन बाहेर येतं. भुयार या आडव्या पाण्याला वाट देतं. पण भुयाराच्या तळाच्या खाली जे पाणी आहे, त्याला ते हात लावू शकत नाही. दुष्काळातही या विहिरीची पातळी हलत नाही, असं जुनी माणसं सांगत आली. त्यामागं माझ्या मते चमत्कार नाही. बाहेर जाणाऱ्या भुयाराची उंचीच पातळी ठरवते. आवक वाढली तर जास्त पाणी वाहून जातं, घटली तर कमी. घेण्याची मर्यादा बांधकामातच घातलेली आहे, आणि या कामाबद्दल मला फार आदर आहे तो त्यामुळेच.

जमिनीखालची दुसरी वाट म्हणजे कोळशाची भूमिगत खाण; तिच्यात ही मर्यादा नसते. बीडच्या बेसाल्टमध्ये कोळसा नाही, तो विदर्भात आहे. चंद्रपूरकडे वरोऱ्याची खाण 1871 ते 1906 चालली. अशा खाणीत कोळसा काढताना छत तोलायला कोळशाचेच खांब सोडतात. पुढं ते खांबही काढले की छत बसतं, भेगा वर चढत जातात, कधी थेट जमिनीपर्यंत. घट्ट थर फुटला की त्यावर अडलेलं पाणी खाली उतरतं. शिवाय खाण कोरडी ठेवायला रात्रंदिवस उपसा करावा लागतो. मग वरचा झरा आटतो, तळं गळतं. आपल्या परळीच्या वीज केंद्रात 1971पासून बाहेरून आलेला कोळसा जळतो. 2013च्या फेब्रुवारीत पाण्याअभावी ते अख्खं केंद्र बंद पडलं होतं. कोळशावर वीज करायलाही पाणी लागतं, हे बीडकरांना वेगळं सांगायला नको.

खाणीचा झऱ्या-तळ्यांवर काय परिणाम होईल, हे आज आधी तपासावं लागतं. ही तपासणी नीट करायची तर खोदण्याआधी प्रत्येक झरा, तळं आणि विहीर नकाशावर मांडली पाहिजे. झऱ्याखाली बादली धरायची आणि ती किती सेकंदांत भरते ते घड्याळावर बघायचं. कोणता झरा उन्हाळ्यात टिकतो, हे म्हाताऱ्या माणसांना विचारायचं. नंतर त्याच जागी, त्याच महिन्यांत पुन्हा मोजायचं. आणि एका वर्षाच्या आकड्यांवर निकाल देऊ नये. 1972 आणि 2015चे दुष्काळ पाहिलेल्या आपल्या जिल्ह्यात पाऊसच इतका खालीवर होतो की एका वर्षाची नोंद फसवते. आधीची नोंद नसेल तर खाणवाले पावसाकडे बोट दाखवतात, गाव खाणीकडे, आणि दोघांकडेही पुरावा नसतो.

आपल्याकडची खाण म्हणजे बोअर. घट्ट थर भेदून ते भुयाराच्या कितीतरी खाली जातं. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर नको, असं 1993चा कायदा सांगत होता. 2009च्या कायद्यानं शेती-उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल जायला मनाई केली, आणि तो 2014पासून लागू आहे. तरी बोअरच्या गाड्या रात्री-अपरात्री फिरताना मी पाहिल्या आहेत. चारशे वर्षं टिकलेली भुयारं एका पिढीत कोरडी पाडणं हा माझ्या लेखी गुन्हा आहे.

म्हणून बीडकरांना माझी विनंती आहे. या विहिरीला पाणी देणारं क्षेत्र नकाशावर आखून घ्या आणि त्यात नवं बोअर होऊ देऊ नका. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या चार महिन्यांत तिची पातळी आणि बाहेर जाणारं पाणी मोजून आकडे विहिरीपाशी फलकावर लावायला प्रशासनाला भाग पाडा. आणि तोवर आपल्या शेतातल्या विहिरीची नोंद याच महिन्यांत स्वतः ठेवायला लागा.